चौकीत गेल्यावर विचारतात, "तुम्हाला नक्की काय करायचंय?": घरातली मारहाण, पोलीस आणि स्पेशल सेल

नवऱ्याच्या माराला कंटाळून बाई पोलीस ठाण्यात जाते, तेव्हा टेबलापलीकडचे अंमलदार बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात: "ताई, तुम्हाला नक्की काय करायचंय? केस करायची की फक्त समज द्यायची?" विचारणारा माणूस वाईटच असतो असं नाही. त्याच्या रजिस्टरला उत्तर एका शब्दात लागतं. बाईला मात्र ते एका शब्दात देता येत नाही. तिला मार थांबायला हवा असतो, रात्री झोपायला जागा हवी असते, मुलांची शाळा सुटायला नको असते, घरखर्चाला पैसे आणि कपाटात अडकलेले दागिने हवे असतात. नवरा तुरुंगात जावा असं तिला वाटतंच असं नाही. कित्येकदा तर तो गेला तर घरात पैसा कुठून येणार, हीच मोठी काळजी असते.

हा गोंधळ बाईच्या डोक्यात जितका आहे, तितकाच तो कायद्याच्या रचनेतही आहे. तिला ज्या गोष्टी हव्यात त्यातल्या बहुतेक देण्याचा अधिकार पोलिसांकडे नाही, न्यायालयाकडे आहे. पण अर्ध्या रात्री उघडं असतं ते पोलीस ठाणं. या दोघांमधली दरी भरून काढायला महाराष्ट्राने १९८४ साली एक प्रयोग केला. पोलीस आयुक्तालयाच्या इमारतीतच समाजकार्यकर्त्यांना टेबल-खुर्ची देऊन बसवलं. तोच आजचा 'महिला व मुलांसाठी विशेष सहाय्य कक्ष'. बोलताना सगळे त्याला स्पेशल सेल म्हणतात.

१९८४ हे साल असंच आलेलं नाही. त्याआधीच्या दशकात पोलीस आणि बायका यांच्यातला विश्वास पार तुटला होता. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं. त्यावरून देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. हुंड्यापायी जळून मेलेल्या सुनांच्या बातम्या तर रोजच्याच होत्या. १९८३ च्या अखेरीस भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आलं आणि नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ पहिल्यांदाच स्वतंत्र गुन्हा ठरला. कलम आलं म्हणजे बायका तक्रार घेऊन येणार. पण समोरचा अंमलदार चोरी, दरोडे आणि बंदोबस्त यांतच तयार झालेला. मग टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सोबतीने क्रॉफर्ड मार्केटजवळच्या आयुक्तालयात पहिला सेल सुरू केला. पुढे राज्याच्या महिला व बालविकास विभागाने तो आपल्याकडे घेतला, तो जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचला आणि हरियाणासारख्या राज्यांनीही हाच नमुना उचलला.

दुसरीकडे वेगळी वाट धरली गेली. केरळने १९७३ मध्येच कोळिकोडला महिला पोलीस ठाणं काढलं, ब्राझीलमध्ये साओ पावलोत १९८५ ला तसं ठाणं निघालं, तमिळनाडूत १९९२ पासून फक्त महिलांनी चालवलेली ठाणी वाढत गेली. त्यांचा उपयोग नक्कीच झाला. तरी मला महाराष्ट्राचा विचार जास्त पक्का वाटतो. खाकीतली बाईसुद्धा शेवटी पोलीसच, तिच्याही हातात तेच रजिस्टर. सेलमधली समाजकार्यकर्ती पोलीस नसते. तिला गुन्हा नोंदवता येत नाही, कुणाला अटक करता येत नाही. तिच्याकडे दोनच गोष्टी असतात: बाईसाठी वेळ आणि पोलीस इमारतीचा पत्ता. दुसरी गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. "अमुक तारखेला हजर राहावे" असं पत्र एखाद्या संस्थेकडून आलं तर नवरा ते फाडून टाकतो. तेच पत्र एस.पी. कार्यालयातल्या कक्षाकडून आलं की तो इस्त्रीचा शर्ट घालून येतो.

सेल काय करतो हे समजायचं तर आधी ठाण्यात कोणते कागद तयार होतात ते कळायला हवं. बहुतेक बायकांची फसगत इथेच होते. चार वर्षांत चार वेळा "तक्रार केली" म्हणणाऱ्या बाईच्या हातात प्रत्यक्षात काय आहे ते पाहिलं, तर अनेकदा एक साधा अर्ज आणि दोन एनसी निघतात.

अर्ज म्हणजे तुम्ही लिहून दिलेला कागद. त्यावर पोलीस दोघांना बोलावतात, विचारपूस करतात, जबाब घेतात. त्यातून गुन्हा नोंदवला जाईलच असं नाही. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतली नसेल, तर तो दिला होता हे सिद्ध करणंही अवघड जातं.

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. कानाखाली मारली, ढकललं अशी साधी दुखापत भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) खाली येते आणि ती अदखलपात्र आहे. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही की वॉरंटशिवाय अटक करता येत नाही. एनसीची प्रत हातात देऊन "कोर्टात जा" म्हणतात ते त्यामुळे. नवऱ्यालाही हे चार दिवसांत कळतं आणि तो आणखी निर्धास्त होतो. तरी एनसी टाकाऊ नाही. अमुक तारखेला अमुक घडल्याचं मी पोलिसांना सांगितलं होतं, याचा तो पुरावा असतो. प्रत जपून ठेवावी, आणि शक्यतो नवऱ्याच्या घरात ठेवू नये.

एफआयआर म्हणजे दखलपात्र गुन्ह्याची नोंद, ज्यात पोलिसांना कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करता येतो. जुनं ४९८-अ आता १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ या कलमांत आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, गुन्हा अजामीनपात्र. पण कायद्यात 'क्रूरता' याचा अर्थ ठरवून दिला आहे. बाई आत्महत्येला प्रवृत्त होईल किंवा तिच्या जिवाला, अवयवांना, शारीरिक अथवा मानसिक आरोग्याला गंभीर धोका होईल असं वागणं, किंवा पैसा-मालमत्ता मागण्यासाठी केलेला छळ. म्हणून "काल एक थोबाडीत मारली" एवढंच सांगितलं की एनसी होते. तीच बाई सहा वर्षांचा क्रम, मध्ये कधी माहेराहून पैसे आणायला लावले, कधी दवाखान्यात जावं लागलं, हे सगळं सांगते तेव्हा चित्र बदलतं. घाबरलेल्या बाईला हा क्रम नीट सांगता येत नाही. सेलमध्ये पहिले दोन तास जातात ते बहुधा यातच: तिच्याकडून तुकड्या-तुकड्यांत आलेली हकिगत तारखांनिशी लावून घेणं. ठाण्यात एवढा वेळ कुणाकडे नसतो.

दवाखान्याचंही तसंच. हाड मोडणं, दात पडणं किंवा निखळणं ही कायद्याने गंभीर दुखापत, आणि ती दखलपात्र. त्यामुळे अंगावर इजा असेल तर ठाण्यातून मेडिकल यादी, म्हणजे तपासणीसाठी रुग्णालयाला दिलेलं पोलिसांचं पत्र, मागून सरकारी रुग्णालयात जायचं. यादी नसली तरी थेट गेलं तर डॉक्टरांना तपासावंच लागतं. डॉक्टरांनी विचारलं की "नवऱ्याने लाटण्याने मारलं" हेच सांगायचं. पुष्कळ बायका लाजेने "पाय घसरून पडले" म्हणतात, तसंच केसपेपरवर लिहिलं जातं आणि दोन वर्षांनी समोरचा वकील नेमका तोच कागद काढतो. हे ओळखूनच मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि सेहत ही संस्था यांनी मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केलं. जी बाई पोलिसांकडे कधीच जाणार नाही, ती हात दुखतोय म्हणून ओपीडीत तरी येते.

चौथा कागद ठाण्यात फारसा कुणाला ठाऊक नसतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत कामाचा. तो म्हणजे डीआयआर, घरगुती घटना अहवाल. तो २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातला. हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. ४९८ नवऱ्याला शिक्षा करू पाहतं. हा कायदा बाईला काय मिळायला हवं ते पाहतो: मार थांबवण्याचा संरक्षण आदेश, राहत्या घरातून न काढण्याचा आदेश, खर्चाचे पैसे, मुलांचा तात्पुरता ताबा, स्त्रीधन परत, नुकसानभरपाई. हिंसेत मारहाण तर आहेच, पण लैंगिक जबरदस्ती, सततचे टोमणे आणि अपमान, पगार काढून घेणं, घरखर्च बंद करणं हेही आहे. आणि तो फक्त बायकोपुरता नाही. आई, बहीण, विधवा वहिनी, लग्नासारख्या नात्यात राहणारी बाई, सगळ्या यात येतात. ज्यांच्याविरुद्ध अर्ज करायचा त्यांत पूर्वी 'सज्ञान पुरुष' असे शब्द होते. ते सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये काढून टाकले, त्यामुळे आता सासू-नणंदेविरुद्धही थेट दाद मागता येते.

घर सासऱ्याच्या नावावर आहे, मग तुझा हक्क काय, असं सर्रास सांगतात. २००६ मधल्या एका निकालामुळे बरीच वर्षं ते खरंही ठरत होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ बदलला. ज्या घरात ती संसार करत होती ते नातेवाइकाच्या मालकीचं असलं, तरी राहण्याचा हक्क मागता येतो. मालकी मिळत नाही, आसरा मिळतो.

या कायद्याची दारं म्हणजे संरक्षण अधिकारी आणि न्यायदंडाधिकारी. संरक्षण अधिकारी म्हणजे या कायद्याखाली सरकारने नेमलेला अधिकारी. तो डीआयआर भरतो, तिचा अर्ज कोर्टात पोहोचवतो. नोंदणीकृत सेवा पुरवठादार संस्थाही डीआयआर भरू शकते. बाई स्वतः किंवा वकिलामार्फत थेट कोर्टातही जाऊ शकते. पोलिसांची भूमिका यात वाटाड्याची, पण ती ऐच्छिक नाही. कायद्याचं कलम ५ सांगतं की तक्रार आली की पोलीस अधिकाऱ्याने तिला सांगितलंच पाहिजे: या कायद्याखाली असे असे आदेश मिळतात, संरक्षण अधिकारी आहे, मोफत वकील मिळतो, आणि ४९८ ची फिर्यादही करता येते. एक केलं म्हणून दुसरं बंद होत नाही. "डीव्ही (कौटुंबिक हिंसाचाराची केस) टाकली ना, मग इथे कशाला आलात" हे वाक्य कायद्याला धरून नाही.

कायदा लिहिताना घाईचं भान ठेवलं होतं. अर्ज मिळाल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली तारीख आणि तिथून साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न, असं त्यात म्हटलं आहे. कोर्टांची गर्दी ठाऊक असणाऱ्याला यावर काय वाटेल ते सांगायला नको. म्हणूनच कलम २३ महत्त्वाचं. अंतरिम, आणि वेळ पडली तर एकतर्फी आदेश त्याखाली मिळतो. वकिलाला पहिल्याच दिवशी "अंतरिम अर्ज लावलाय ना?" हे विचारावं.

आता सेलच्या त्या खोलीत जाऊ. बाई स्वतःहून येते, ठाण्यातून पाठवली जाते किंवा भाऊ घेऊन येतो. भावाला बहुधा थोडा वेळ बाहेर बसवतात, कारण त्याच्यासमोर ती काही गोष्टी बोलत नाही. पहिला प्रश्न आजच्या रात्रीचा असतो. घरी परत जाणं सुरक्षित आहे का, मुलं कुणाकडे आहेत, गरज पडली तर निवारागृहात किंवा सखी केंद्रात (हिंसा सोसलेल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) सोय करायची का. त्यानंतर हकिगत, मग पर्याय. गुन्हा नोंदवायचा असेल तर कार्यकर्ती ठाण्याला पत्र देते, कधी सोबत जाते. कोर्टात जायचं असेल तर संरक्षण अधिकाऱ्याकडे आणि मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवते. नवऱ्याशी बोलायचं असेल तर त्याला बोलावते, आणि त्याच्याशी बोलते ती "तुमचं दोघांचं काय बिनसलंय" या सुरात नाही. मारणं बंद झालं पाहिजे, बाकीचं मग, इथून सुरुवात होते. निदान व्हायला हवी.

'निदान' म्हटलं, कारण सेलचं सगळ्यात मोठं दुखणं नेमकं इथेच आहे. पोलिसांच्या छताखालचं समुपदेशन आणि तडजोड यांतली रेष फार पातळ असते. कार्यकर्ती नवी असेल, वरून 'निकाली प्रकरणं' मोजली जात असतील, दोन्हीकडचे नातेवाईक "संसार मोडू नका" म्हणत असतील, तर बाई परत सासरी गेली की फाइल यशस्वी म्हणून बंद होते. ती कशाला परत गेली आणि तिकडे काय झालं, हे विचारणारं कुणी नसतं. गावाकडे हे जास्तच. २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम आली. बांधाच्या भांडणांचं तिने भलंही केलं असेल, पण बायकोला मारणं हा मिटवून टाकायचा तंटा समजला की 'मिटवणं' याचा अर्थ बाईला गप्प करणं एवढाच उरतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या केंद्राच्या २००६ च्या नियमांत समुपदेशकाला स्पष्ट सूचना आहे की हिंसा पुन्हा होणार नाही अशी हमी त्याने समोरच्याकडून घ्यावी, आणि मारहाणीचं कोणतंही समर्थन त्याला करू देऊ नये. "जेवण वेळेवर देत नाही म्हणून हात उचलला" ही सबब त्या खोलीत चालायला नको.

स्टॅम्प पेपरचंही इथेच सांगून टाकतो. "पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून दिलंय, आता हात लावणार नाही" हा कागद पाहून माहेरचे निवांत होतात. तो मोडला तर लगेच काहीही होत नाही. फार तर पुढे पुरावा म्हणून दाखवता येतो. कोर्टाचा संरक्षण आदेश मोडणं हा मात्र स्वतःच एक गुन्हा आहे: दखलपात्र, अजामीनपात्र, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि केवळ बाईच्या एकटीच्या साक्षीवरही न्यायालय तो गुन्हा घडला असा निष्कर्ष काढू शकतं. ज्या पोलिसांनी काल "एनसीत आम्हाला काही करता येत नाही" म्हटलं, त्यांनाच या आदेशाच्या जोरावर कारवाई करता येते. तो येईपर्यंत पोलिसांच्या हातात चॅप्टर केस असते, म्हणजे शांतता राखण्याचं बंधपत्र घेण्याची प्रतिबंधक कारवाई. ती कधी कधी नवऱ्याला थोडी वचक बसवते.

अटकेबद्दल दोन टोकांचे समज आहेत. एक, ४९८ टाकली की सगळं घर उचलतात. दोन, आता कुणाला अटक होतच नाही. २०१४ च्या अर्नेशकुमार निकालाने सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप करायची नाही, ती का हवी याची कारणं लिहायची, नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्यायची. गुन्हा नोंदवणं आणि अटक करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. "खोट्या केसेस फार होतात" असं म्हणून गुन्हाच न नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याला हा निकाल आधार देत नाही. खरं-खोटं तपासातच कळतं, आणि तपास नोंद झाल्यावरच सुरू होतो. कौटुंबिक वादांत नोंदीआधी प्राथमिक चौकशीची मुभा २०१३ च्या ललिताकुमारी निकालाने दिली आहे. पण तिला मुदत आहे, ती महिनोन्महिने चालवायची नसते.

राहिला हद्दीचा प्रश्न. सासर नाशिकला, माहेर लातूरला, आणि लातूरचं ठाणं म्हणतं नाशिकला जा. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रूपाली देवी प्रकरणात सांगितलं की छळामुळे घर सोडून बाई जिथे आसऱ्याला आली, तिथेही ४९८ ची तक्रार करता येते. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्जही ती तात्पुरती राहत असेल त्या ठिकाणच्या कोर्टात चालतो. शिवाय नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द नसली तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवावा लागतो, एफआयआरची प्रत मोफत द्यावी लागते, आणि ठाण्याने नकार दिला तर तक्रार पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते.

नागपूरला २०१७ मध्ये भरोसा सेल सुरू झाला, पुढे इतर शहरांतही झाले. समुपदेशक, पोलीस, कायद्याची आणि वैद्यकीय मदत एकाच छताखाली, ही त्यामागची कल्पना. स्पेशल सेलपेक्षा तो वेगळा, कारण तो पोलिसांचा स्वतःचा उपक्रम आहे. दोन्हीकडे चांगलं काम होऊ शकतं. बाईने एवढंच पाहावं की समोर बसलेली व्यक्ती तिला पर्याय सांगते आहे की निर्णय.

हे सगळं असूनही किती जणी इथवर येतात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सुमारे चौथा हिस्सा विवाहित स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कुणाची तरी मदत मागितली होती, आणि ७७ टक्क्यांनी ना मदत मागितली ना कुणाला सांगितलं. मदत मागणाऱ्याही बहुतेक आधी माहेरी गेल्या, पोलिसांकडे फार थोड्या. म्हणजे सेलच्या बाकावर बसलेली बाई ही बरंच काही करून पाहिल्यानंतरची असते. "पहिल्याच भांडणात पोलिसांत धावली" हा शेरा आकडे तरी खरा ठरवत नाहीत.

तातडीची वेळ असेल तर ११२, महिला हेल्पलाइन १८१, मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१००. स्त्रियांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे तालुक्याच्या कोर्टातही पुष्कळांना सांगावं लागतं. घर सोडावं लागणार अशी शक्यता असेल तर आधार कार्ड, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला किंवा पत्रिका-फोटो, बँकेचं पासबुक आणि आधीच्या एनसी यांचे फोटो काढून विश्वासातल्या माणसाच्या फोनवर पाठवून ठेवावेत. नवऱ्याला आपला पासवर्ड ठाऊक असेल तर स्वतःच्या फोनवरून ते पुसून टाकावेत.

आणि शेजाऱ्यांसाठी एक कलम आहे. भिंतीपलीकडे रोज आरडाओरडा ऐकू येतो, पण "उद्या आपल्यालाच कोर्टात ओढतील" म्हणून लोक टीव्हीचा आवाज वाढवतात. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला अशी माहिती देऊ शकतं, आणि ती प्रामाणिकपणे दिलेली असेल तर देणाऱ्यावर कोणतीही दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही.